उतार दाखवा

समास सरांना समास सर का म्हणतात, हे नव्या मुलांना आठवडाभर तरी कळत नाही. आधी त्यांना वाटतं, हे व्याकरण शिकवत असणार. मग सर बगलेत नकाशाची गुंडाळी घेऊन वर्गात येतात, फळ्यावर टेकडी काढतात आणि मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. सर भूगोलाचे. त्यांच्या नावातला समास म्हणजे कागदाची डावीकडची मोकळी सोडलेली कड, आणि त्या कडेत सर शेरे लिहितात. बाकीचे प्राध्यापक लाल रेघ ओढून 'पाहिले' असं खरडतात आणि मोकळे होतात. बघितलेलं असतंच असं नाही, पण ते असो. सरांचा शेरा मात्र पाच-सहा ओळींचा. समास भरला की ते कागद आडवा धरून लिहीत, आणि तीही जागा संपली की बाण काढून पाठीमागे जात.

शेरे लिहायचे ते 'आपला रस्ता' या विषयाच्या अहवालांवर. हा विषय सरांनीच चोवीस वर्षांपूर्वी आखला होता. प्रत्येक मुलानं एक रस्ता निवडायचा, महिनाभर तो पायांनी तुडवायचा, दुकानं, वळणं, सावल्या, गटारं, माणसांची गर्दी सगळं टिपायचं, नकाशा काढायचा आणि अहवाल द्यायचा. सर तो तपासणार, शेरे लिहिणार. शेरे वाचून मुलानं त्याच रस्त्यावर परत जायचं आणि दुसरा अहवाल लिहायचा. दुसऱ्यांदा गेल्यावरच रस्ता दिसतो, असं सरांचं म्हणणं.

तोंडानं मात्र सर फार बोलत नसत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जेवायचं टेबल, त्याला दोन खुर्च्या. एका खुर्चीवर सर बसत आणि दुसरीवर तपासायचे अहवाल. मुलगी परगावी होती. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा.

"बाबा, जेवणाचं काय?"

"आहे."

"गोळ्या?"

"घेतो."

"कॉलेज?"

"चालू आहे."

मग ती म्हणायची, "बरं, ठेवते मग." फोन ठेवल्यावर सरांना तिला सांगण्यासारख्या चार गोष्टी हमखास आठवत. पुन्हा फोन लावावा असं वाटे, पण तिचीही कामं असणार म्हणून ते लावत नसत. बोलायची सगळी हौस ते समासात फेडून घेत. वर्षाला साठ मुलं म्हणजे साठ अहवाल, म्हणजे साठ जणांशी मनसोक्त बोलणं. माणसाला एवढं पुरतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्या समजुतीवर घाव घातला तो विभागप्रमुख बाईंनी. बाई पंधरा वर्षांपूर्वी सरांच्याच विद्यार्थिनी होत्या. आता सरांच्या वरच्या हुद्द्यावर बसून, सर खोलीत आले की अजूनही उठून उभ्या राहत आणि मग आपण का उठलो म्हणून गोंधळत. त्या दिवशीही त्या उठल्या, बसल्या आणि संगणकाचा पडदा सरांकडे वळवून म्हणाल्या, "सर, रागावू नका, पण हे बघा."

पडद्यावर चोवीस वर्षांचे चोवीस खांब होते. शेरे मिळाल्यावर दुसऱ्या अहवालात मुलांचे गुण किती वाढतात, ते त्यात मांडलं होतं. पहिले अठरा खांब चांगले उंच होते. शेवटचे सहा जमिनीलगत, आणि त्यातले दोन तर जमिनीच्याही खाली.

"म्हणजे पूर्वी शेऱ्यांचा उपयोग होत होता, आता होत नाही," बाई म्हणाल्या. "आपण अभ्यासक्रम नव्यानं बांधतोय. मी चोवीस तयार शेऱ्यांची यादी केली आहे. तपासणाऱ्यानं फक्त क्रमांक लिहायचा. क्रमांक अकरा, उतार दाखवलेला नाही. क्रमांक बारा, प्रमाण दिलेलं नाही. सगळ्यांना सारखा न्याय. तुमचाही वेळ वाचेल."

वाचलेल्या वेळेचं करू काय, असं सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते म्हणाले, "बैठक कधी आहे?"

"पुढच्या गुरुवारी. तुमचं म्हणणं मांडा ना, सर. मुलं शेरे वाचून सुधारतात असा एखादा तरी पुरावा आणा, मी स्वतः तुमच्या बाजूनं उभी राहीन."

सर जिना उतरून खाली आले. खांब कुठल्या वर्षी खाली आला हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच वर्षी बायको गेली होती. आणि यात एक गोम होती, जी कॉलेजात कोणालाही माहीत नव्हती. आधीची अठरा वर्षं ते शेरे सरांनी लिहिलेच नव्हते. सरांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडावी आणि कागदावरून घाईघाईनं घरी जावी, तसं. म्हणून लग्नानंतर बायकोनंच पेन हातात घेतलं. सर नकाशावर डोकं घालून सांगत आणि समोरच्या खुर्चीवर बसून ती लिही. परीक्षकानं शेरे स्वतःच्या हातानं लिहावेत असा कॉलेजचा नियम होता, म्हणून दोघांनी कधी वाच्यता केली नाही. ती गेल्यावर सर स्वतः लिहू लागले. आपण आता पूर्वीइतक्या उत्साहानं शिकवत नाही, म्हणून खांब पडले असतील, असं त्यांना वाटलं. हा विचार त्यांना दोन दिवस जेवू देईना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गेल्या वर्षीचे दुसरे अहवाल कपाटातून काढले. पुरावा शोधायला गेले आणि संताप घेऊन बसले. चढउताराच्या रस्त्यांच्या अहवालात मुलांनी पाठ्यपुस्तकातले लांबलचक उतारे चिकटवले होते. एकानं तर तीन पानं. आणि चार जणांनी नकाशाखाली, जिथे मोजमापाचं प्रमाण लिहायचं, तिथे सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'सादर प्रणाम'. ही चेष्टा गेली काही वर्षं चालू होती आणि सर दरवर्षी त्याचे गुण कापत होते.

तीन पानी उतारेवाली मुलगी त्यांना वाचनालयाच्या दारात सापडली. आता ती पुढच्या वर्गात होती.

"हे उतारे कशाला चिकटवलेस?"

मुलगी गडबडली. "सर, तुम्हीच लिहिलं होतंत. उतारा दाखव."

"उतारा? मी उतार लिहिलं होतं! रस्त्याचा उतार!"

"मला काय माहीत, सर. झेरॉक्सवाल्या काकांनी उतारा वाचलं."

"झेरॉक्सवाला कुठून आला यात?"

मुलीनं आधी दाराकडे बघितलं, मग पायांकडे. "सगळेच त्यांच्याकडे जातात, सर. तुमचं अक्षर त्यांनाच लागतं."

"मग मला येऊन का नाही विचारलंत?"

"तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही एवढं मन लावून लिहिता," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, आणि सरांना तेच जास्त लागलं.

कॉलेजच्या फाटकाला लागून असलेल्या टपरीएवढ्या दुकानात झेरॉक्सवाला कागदांचे गठ्ठे सारखे करत होता. सरांना बघून त्यानं स्टूल पुसलं.

"मुलांना माझे शेरे वाचून दाखवता तुम्ही?"

"चुकलं का, सर?" त्याचा हात स्टुलावरच थांबला. "पोरं रडवेली होऊन येतात हो. मला जे लागतं ते वाचतो, बाकीचं अंदाजानं ठोकून देतो."

"प्रणाम तुम्हीच वाचलंत?"

"प्रणाम नव्हतं ते?"

"प्रमाण होतं."

झेरॉक्सवाल्यानं कपाळावर हात मारला. मग त्याला हसू आलं, ते त्यानं दाबलं आणि दाबता दाबता म्हणाला, "मला वाटलं, नकाशा काढून झाला की तुमच्यात नमस्कार करायची रीत असेल." सरही हसले असते, पण सहा वर्षं प्रणाम करणाऱ्या मुलांचे गुण कापल्याचं आठवलं.

"पण सर, खरं सांगू? आधी पोरं यायचीच नाहीत वाचून घ्यायला. आधी काय अक्षर होतं तुमचं, मोत्याचे दाणे! तुमचे शेरे झेरॉक्स करून खालच्या वर्गातली पोरं घेऊन जायची. मग मधेच काय झालं? हाताला काही लागलं का?"

"हो," सर म्हणाले. "लागलं."

तिथून ते घरी गेले नाहीत. विभागात परत आले आणि शिपायाकडून जुन्या कपाटाची किल्ली मागून घेतली. दरवर्षीचा एक उत्तम अहवाल नमुना म्हणून तिथे ठेवलेला असे. पुरावा हवा होता ना, तर हाच पुरावा. आपलेच शेरे, फक्त वाचता येणाऱ्या अक्षरात. खांब उत्साहामुळे पडले नव्हते, अक्षरामुळे पडले होते. यादीबिदी काही नको, शेरे छापून द्यायचे की झालं. सरांना एकदम हलकं वाटलं. त्यांनी बारा वर्षांपूर्वीचा एक अहवाल उघडला आणि खिडकीशी उभं राहून वाचू लागले.

पहिलाच शेरा वाचून ते थबकले. हे आपण सांगितलेलं नाही.

त्या जागी त्यांनी काय सांगितलं असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण ते आजही तेच लिहीत. 'उतार दाखवा. चूक.' आणि खाली अशाच आणखी चुका, समास भरेपर्यंत. कागदावर मात्र तिच्या गोल अक्षरात होतं, 'हा रस्ता तू चढून गेलास ना? मग पुन्हा जा आणि तुला दम कुठे लागतो ते बघ. तिथे खूण कर. उतार तिथेच आहे.' दुसऱ्या पानावर ते 'माहिती अपुरी' म्हणाले असणार. तिनं लिहिलं होतं, 'चपला शिवणाऱ्याबद्दल तू फार छान लिहिलं आहेस. तो सकाळी एका बाजूला आणि दुपारी दुसऱ्या बाजूला का बसतो, ते त्यालाच विचार आणि मग सावलीचा नकाशा काढ.' सर पान उलटत गेले. एकाही जागी चूक हा शब्द नव्हता. प्रत्येक शेऱ्याच्या शेवटी मुलानं उद्या सकाळी उठून नक्की काय करायचं, ते होतं.

मग त्यांना सगळं आठवलं. ते सांगत आणि ती पेन थांबवून विचारी, "अहो, म्हणजे त्यानं करायचं काय?" सर वैतागत. एवढं कळत नाही का त्याला, चढताना दम लागतो की नाही माणसाला, असं काहीतरी फटकारत आणि पुन्हा नकाशात डोकं घालत. त्यांना वाटे, हिला भूगोल कळत नाही म्हणून ही विचारते. ती मान खाली घालून लिहीत राही, आणि लिहायची ते हे. अठरा वर्षांत त्यांनी एकदाही तिचं लिहिलेलं वाचून बघितलं नव्हतं. सांगितलेलंच लिहिलं असणार, त्यात बघायचं काय! मुलांच्या वह्यांवर न बघता 'पाहिले' लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना सर जन्मभर हसले होते. स्वतःच्या घरात त्यांनी तेच केलं होतं.

ते खाली फरशीवर बसले आणि रडले. शिपाई दारात आला आणि त्यांना बघून परत गेला. ती गेली तेव्हा सरांना वाटलं होतं, आपली सोबत गेली. आज कळलं की शिकवणारी गेली होती. मागे राहिले होते ते नुसते चुका दाखवणारे, आणि हे तिला सांगायची सोय उरली नव्हती.

गुरुवारपर्यंत एकच प्रश्न त्यांना कुरतडत राहिला. अक्षराचं कारण सांगितलं की काम होणार होतं. शेरे छापून देऊ म्हटलं असतं, तर बाईही मानल्या असत्या. शेरे वाचले असते, सरांची साठ माणसं वाचली असती आणि नियम मोडल्याचंही झाकलं गेलं असतं. पण मग मुलांना स्वच्छ छापील अक्षरात मिळणार काय, तर 'उतार दाखवा. चूक.' म्हणजे बाईंचा क्रमांक अकराच की! खरं सांगावं, तर उरलेल्या दोन वर्षांच्या नोकरीवर नियमभंगाचा डाग, आणि वर शेरे हातचे जाणार ते जाणारच. रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, "तुझी आई माझे शेरे बदलायची, हे तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय, बाबा! ती मला वाचून दाखवायची. तुम्हाला माहीत नव्हतं?"

गुरुवारी बैठकीला पाच जण होते. बाईंनी खांब दाखवले. सरांची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले, तीन जुने अहवाल आणि तीन गेल्या वर्षीचे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "शेऱ्यांचा उपयोग होतो. माझ्या शेऱ्यांचा होत नाही." मग त्यांनी झेरॉक्सवाल्यापासून बायकोच्या खुर्चीपर्यंत सगळं सांगून टाकलं. आधी स्वतःचं वाक्य वाचायचे, मग तिचं. प्रणामाला सगळे हसले. दमाच्या शेऱ्याला कोणी हसलं नाही.

"म्हणजे अठरा वर्षं परीक्षक बाहेरचा होता," गणिताचे सर म्हणाले. त्यांना नियमांची भारी हौस. "याची नोंद करावी लागेल."

"करा," सर म्हणाले.

विभागप्रमुख बाई जुना अहवाल उलटून बघत होत्या. "माझ्या अहवालावर लिहिलं होतं, तू पुलाबद्दल घाबरत घाबरत लिहिलं आहेस, पुलावर उभं राहून लिहून बघ," त्या म्हणाल्या. "मी खरंच जाऊन उभी राहिले होते. मला वाटत होतं ते तुम्ही लिहिलंत, सर. मग तुमचे हल्लीचे शेरे बघून वाटलं, सर दमले. त्यांना जरा सोडवावं. म्हणून ती यादी केली मी."

यादी त्या दिवशी मागे घेतली गेली. ठरलं ते असं. शेरे राहतील, पण छापील. प्रत्येक शेऱ्यात मुलानं पुढे काय करायचं ते असलंच पाहिजे. गुण दुसऱ्या अहवालानंतरच सांगायचे, म्हणजे मुलं आधी शेरा वाचतील. आणि तपासणी जोडीनं. एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं दर वेळी विचारायचं, म्हणजे त्यानं करायचं काय? ही शेवटची अट सरांनी घातली. सरांच्या जोडीला कोण, हे मात्र कोणालाच सुचेना, तेव्हा ते पुढच्या बैठकीवर गेलं. नियमभंगाची नोंद झाली ती झालीच. नव्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत नमुना म्हणून ते जुने शेरे छापायचे, असंही ठरलं.

छापायच्या मजकुराचा फॉर्म भरायला सर कार्यालयात गेले. कारकून वर्षभरापूर्वीच बदलून आला होता.

"नमुना शेरे, लेखक कोण?"

"माझी पत्नी."

"हुद्दा?" आणि लगेच त्यानंच सुचवलं, "गृहिणी लिहू?"

"नको. परीक्षक लिहा."

कारकुनानं लिहिलं. "इथे त्यांची सही लागेल. उद्या घेऊन या त्यांना, पाच मिनिटांचं काम आहे."

बाकी सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे हे वाक्य सरांना या इमारतीत कधी बोलावंच लागलं नव्हतं. "ती नाहीये," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. मी एकटाच असतो."

कारकून ओशाळला. "मग त्यांच्या वतीनं तुम्ही सही करा, सर. वर फक्त त्यांचं पूर्ण नाव लिहा. जरा सुवाच्य, छापायला जायचंय."

सरांनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर काढत, काना कुठे, मात्रा कुठे ते बघत, पहिलीतल्या पोरासारखं तिचं नाव लिहिलं. मागे रांगेत तिघं ताटकळली, तरी ते थांबले नाहीत. लिहून झाल्यावर कारकुनानं कागद आपल्याकडे फिरवून घेतला आणि खात्री करायला ते नाव मोठ्यानं वाचलं, एका दमात, कुठेही न अडखळता. सहा वर्षांत ते नाव सरांच्या कानावर पडलं नव्हतं.

"बरोबर आहे ना, सर?"

"परत एकदा वाचा," सर म्हणाले.